मागचा ब्रेक डाव्या हाताला

मिस्त्रीच्या दुकानात सायकल घेऊन येणाऱ्याला आधी बोलणी खावी लागत, मग सायकल दुरुस्त होई. चेनला तेल नाही, टायरात हवा नाही, सायकल आहे की भंगार, हे सगळं मुकाट्यानं ऐकून घ्यायचं. हाताला गुण होता, म्हणून गल्लीनं त्याचं तोंड माफ केलं होतं. एक काम मात्र अकरा वर्षांत त्यानं घेतलं नव्हतं. ट्रायल्सची सायकल कोणी आणली, तर तो बोलतही नसे. नुसती मान हलवून नाही म्हणे आणि समोरच्या पंक्चरला लागे.

ट्रायल्सची सायकल म्हणजे उड्या मारायची सायकल. तिला सीट असून नसल्यासारखी, कारण तिच्यावर बसायचं नसतंच. मागच्या चाकावर उभं राहायचं आणि कठड्यावरून बाकावर, बाकावरून पायरीवर उडी घ्यायची. मिस्त्रीचा धाकटा भाऊ दिवसभर हेच करायचा, म्हणून सगळे त्याला बेडूक म्हणत. अकरा वर्षांपूर्वी बेडूक एका कठड्यावरून पाठीवर पडला आणि तिसऱ्या दिवशी गेला. तेव्हा त्याची मुलगी नऊ वर्षांची होती.

ती आता विशीची झाली होती, आणि एका मंगळवारी सकाळी खांद्यावर नुसती फ्रेम टाकून काकाच्या दुकानात उभी राहिली.

"काका, ब्रेक आणि रिम निवडायच्यात. बाकी सामान जमवलंय मी."

"आईला माहीत आहे?"

"बाबांचं नाव निघालं की आई शिव्याच देते. तिला काय सांगणार? तुम्ही नाही म्हणालात तर दुसऱ्याकडे जाईन. तो बांधेल कशीही."

'कशीही' हा शब्द मिस्त्रीच्या वर्मी बसला. त्यानं फ्रेम तिच्या खांद्यावरून उतरवून स्टँडला लावली. पुतणी रिमा बघण्यात गुंतली होती.

"मागे रिमब्रेक हवा. बाबांसारखा," ती म्हणाली.

"त्याला रिमची कड ग्राइंडरनं खरवडावी लागते. खरवडली तरच पॅड धरतात. झिजली की पुन्हा खरवडायची. ओली झाली की हातावर तुरी देणार. आणि ओरडतो असा, की चार घरं सोडून तान्हं मूल जागं होईल. डिस्कब्रेक घे, चाकाच्या मध्याला चकती असते तो."

"डिस्क कठड्याला आपटून वाकते म्हणतात."

"डिस्क वाकली तर सरळ करता येते. मान वाकली तर काय करशील?"

बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. पुतणीनं खाली बघितलं. मग दोघंही बराच वेळ रिमांबद्दलच बोलले, कारण ते सोपं होतं. त्यानं एक अरुंद आणि एक रुंद रिम शेजारी ठेवून दोन्हींवर टायर चढवून दाखवले, हवा मुद्दाम कमी ठेवली. अरुंद रिमवरचा टायर अंगठ्यानं दाबला की कडेला लोळत होता. रुंद रिमवरचा पाय फाकून बसल्यासारखा जागच्या जागी राहत होता. वजन कमी व्हावं म्हणून रिमला भोकं पाडलेली असतात, तशी तिला दोन्ही चाकांना हवी होती. मिस्त्रीनं पुढच्या चाकाला होकार दिला आणि मागच्याला नाही. सगळा मार मागचं चाक खातं, तिथं लोखंडाचे चणे खायची ताकद हवी, असं तो म्हणाला. शेवटी ठरलं: दोन्हीकडे डिस्क, मागची मोठी, दोन्ही रिमा रुंद.

मग त्यानं इतका वेळ टाळलेला प्रश्न विचारला.

"मागचा ब्रेक कुठल्या हाताला?"

"उजव्या. सगळ्या ट्रायल्सवाल्यांसारखा."

"बापासारखी डावखुरी नाहीस?"

"छे. लिहिते उजव्यानं, जेवते उजव्यानं. शनिवारी येऊ?"

तो हो म्हणाला. अकरा वर्षांनी पहिल्यांदा त्याला वाटलं, की एवढी एक सायकल नीट उभी केली तर आपण सुटू. माणूस स्वतःला असं काहीबाही समजावत असतो.

बुधवारी त्यानं चाकं बांधली, एकेका स्पोकला ताण देत दोन्ही चाकांचा आऊट, म्हणजे डगमग, काढला. गुरुवारी सकाळी ब्रेक बसवले. ब्रेक दाबायचे हे लिव्हर दोन्ही बाजूंना चालणारे होते. दोन बोल्ट सैल केले की डावीकडचा उजवीकडे जाई. त्यानं मागचा ब्रेक उजव्या हाताला बसवला, बोल्ट आवळले, दुकानाला कुलूप लावलं आणि जेवायला घरी गेला.

परत आला तेव्हा मागचा ब्रेक डाव्या हाताला होता.

तो आधी स्वतःवरच खेकसला. म्हातारचळ लागला, दुसरं काय. लिव्हर बदलले, पुन्हा आवळले. मग कागदावर लिहून ठेवलं: मागचा उजव्या हाताला. संध्याकाळी कागद जागेवर होता, अक्षर त्याचंच होतं, आणि मागचा ब्रेक डाव्या हाताला होता. नुसता डावीकडे नव्हे, जरा आत सरकवलेला आणि नेहमीपेक्षा जास्त खाली झुकवलेला. असा लिव्हर जगात एकच माणूस लावायचा. मिस्त्री तिथंच बाकावर बसला. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते त्याला त्या संध्याकाळी कळलं.

शुक्रवारी सकाळी त्यानं लिव्हर पुन्हा बदलले आणि लिव्हर व हँडल यांच्यावर मिळून पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढली. लिव्हर केसभर जरी हलला तरी रेघ तुटते, ही जुनी युक्ती. मग दिवसभर तो दुकानातून हललाच नाही. गिऱ्हाइकं आली, त्यांना बाहेरच्या बाहेर वाटेला लावलं. दुपारी ऊन दारातून आत सरकलं, समोरच्या शिवणकामवालीचं मशीन बंद झालं, आणि स्टँडवर मागचं चाक हळूच फिरू लागलं. वारा नव्हता. चाक दोन-तीन फेरे फिरलं आणि जागच्या जागी अडकलं. फिरतं चाक एरवी मंदावत थांबतं, तसं थांबलं नाही. कोणी एका बोटानं ब्रेक दाबावा तसं गप्पकन थांबलं. ट्रायल्सवाले तसंच थांबवतात.

मिस्त्री उठून हँडलपाशी गेला. मागचा ब्रेक डाव्या हाताला होता. पांढरी रेघ अखंड होती, जणू सकाळी त्यानं ती तिथंच ओढली होती.

"अरे, पोरीची सायकल आहे ती," तो म्हणाला. दुकानात कोणी नव्हतं, तरी तो समजुतीच्या आवाजात बोलला. "ती उजव्या हाताची आहे. तिला पाडशील."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. त्याच्या भावाची मेल्यावरही गेली नव्हती, आणि ती मोडायला कोण निघालं होतं ते मिस्त्रीला ठाऊक होतं.

शनिवारी सकाळी त्यानं लिव्हर पुन्हा फिरवले आणि ठरवलं, की पुतणी येईपर्यंत सायकलवरून नजर काढायची नाही. पण वाट बघून बघून तोंड कोरडं पडलं. मागच्या नळावर पाणी प्यायला तो मिनिटभर गेला असेल. बाहेर काहीतरी आपटल्याचा आवाज आला.

पुतणी लवकर आली होती. तिनं सायकल उतरवून घेतली होती आणि दुकानाच्या पायरीवर मागच्या चाकानं उडी मारली होती. पायरी जेमतेम वीतभर उंच. वर चढल्यावर तिनं उजवं बोट दाबलं, तर अडकलं ते हवेतलं पुढचं चाक. मागचं पायाखालून निसटलं आणि ती पाठीवर पडली. कोपर सोलून निघालं होतं, डोकं पायरीच्या कडेपासून चार बोटं लांब होतं. ती उठून बसली, पँट झटकली आणि हँडलकडे बघत म्हणाली,

"काका, उलटे लावलेत."

मिस्त्रीच्या हातातून पाण्याचा तांब्या पडला. हेच शब्द होते. दुकानही हेच.

"तुझा बापही असंच म्हणाला होता," तो म्हणाला. आणि मग त्याला थांबता आलं नाही.

लहानपणी धाकटा डाव्या हातानं लिहायचा. वडिलांना ते खपत नसे. अभ्यासाला बसला की त्याच्या डाव्या हाताला रुमाल बांधून ठेवायचं काम थोरल्याकडे होतं, आणि थोरला ते मन लावून करायचा. पुढं धाकटा लिहायला लागला उजव्यानं, पण बाकी सगळं डाव्यानंच करत राहिला. सायकलला मागचा ब्रेक डावीकडे लावायचा. जत्रेत हरवल्यासारखा तो एकटाच वेगळा, असं मिस्त्रीला वाटायचं. आणि आपल्या दुकानातून निघालेली सायकल उलटी असते, याची लाजही वाटायची. शेवटच्या खेपेला धाकट्यानं नवे ब्रेक आणि रुंद रिम बसवायला सायकल दिली, तेव्हा मिस्त्रीनं मागचा ब्रेक सगळ्यांसारखा उजवीकडे लावला. चुकून नाही, ठरवून.

"तो म्हणाला, दादा, उलटे लावलेत. मी म्हणालो, जग असंच चालवतं, तूही शीक. पुन्हा फिरवायचे असतील तर माझ्या दुकानात पाऊल टाकू नकोस. तो हसला. म्हणाला, बरं, शिकतो."

"मग?"

"दोन दिवस शिकला. तिसऱ्या दिवशी कठड्यावर मागच्या चाकावर उभा होता. तोल गेला, आणि हात गेला जुन्या सवयीनं." मिस्त्रीनं डावा हात वर केला आणि एक बोट मिटलं. "तिकडं पुढचा ब्रेक होता. मी खालीच होतो."

पुतणीच्या कोपरातून रक्त येत होतं, तिकडं तिचं लक्ष नव्हतं.

"अजून आहे," तो म्हणाला. "सायकल इथं आणून ठेवली. चौकशीचा साहेब येणार होता. तो यायच्या आत मी दोन बोल्ट सैल केले आणि लिव्हर फिरवून ठेवले, त्याचे असायचे तसे. साहेबानं लिहिलं, सायकलीत दोष नाही, चालवणाऱ्याचा निष्काळजीपणा. मी मूग गिळून बसलो. तेव्हापासून बसलोय."

पुतणीनं सायकल उचलून परत स्टँडला लावली.

"मला सांगून काय उपयोग," ती म्हणाली. "मी बाबांवर कधी रागावलेच नव्हते. आईला सांगा. चला, मी येते."

भावजय दातांच्या डॉक्टरांसाठी साचे बनवायची. दुपारी घरीच असायची. ते पोचले तेव्हा टेबलावर प्लास्टरचे पांढरे जबडे ओळीनं मांडले होते आणि ती एकाच्या कडा चाकूनं तासत होती. मुलीचं कोपर बघून ती आधी औषध आणायला उठली. मुलगी म्हणाली, "आई, बस. काका काय सांगतात ते ऐक."

मिस्त्रीनं सगळं सांगितलं. रुमालापासून बोल्टांपर्यंत. गल्लीला घाबरवणारं त्याचं तोंड इथं शब्दाशब्दाला अडखळत होतं. भावजयीच्या हातात चाकू तसाच होता, पण तासणं थांबलं होतं. तो बोलायचा थांबला, तेव्हा तिनं हातांवरची पांढरी भुकटी पदराला पुसली.

"अकरा वर्षं," ती म्हणाली. "नऊ वर्षांची पोर पदरात टाकून उड्या मारायला गेला म्हणून मी त्याला अकरा वर्षं शिव्या देतेय. त्याचा फोटो भिंतीला लावू दिला नाही. तुम्ही दर रविवारी इथं बसून ते ऐकत होतात, दादा."

"ऐकत होतो."

"तो दोन दिवस शुद्धीवर होता, हे माहीत आहे तुम्हाला?"

मिस्त्रीला माहीत नव्हतं. दवाखान्यात तो दारापर्यंत जाऊन परत फिरला होता. आत गेलो तर तो बोलेल, या भीतीनं. त्याला कोणी सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही.

"मी त्याला विचारलं, कसं झालं. म्हणाला, माझाच हात चुकला. पुन्हा विचारलं, तेच म्हणाला. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा चिडला. म्हणाला, दादाला यातलं काही विचारायचं नाही, काही बोलायचं नाही. आज नाही, कधीच नाही. शपथ घातली मला. मला वाटलं, तुमच्या जिवाला घोर नको म्हणून म्हणतोय."

तिनं समोरचा जबडा उचलला, बघितला, परत ठेवला.

"त्याच्यावर रागवायचं तर आज संपलं. तुमच्यावर रागवावं, तर तो माझं तोंड बांधून गेलाय. आता मी कोणावर रागवायचं, तेवढं सांगा."