लाल झालरीचा टोल

मी एक जुना टोल आहे, वेळ सांगणारी घंटा. खरे तर हातभर लांबीचा रुळाचा तुकडा, साखळीने तुळईला टांगलेला. मित्रांनो, युद्धाच्या दिवसांत कल्याणजवळच्या लष्करी छावणीत कुणीतरी मला कापले, भोक पाडले, आणि जेवणाची वेळ झाली की सैनिक माझ्यावर लोखंडी गज हाणू लागले. पुढे सैनिक गेले. सिंधमधले घरदार सोडून आलेली माणसे त्याच बराकींत राहू लागली, आणि छावणीला उल्हासनगर

टण्.

थांबा. मी वाजलो की माझे वाक्य तुटते. त्याला इलाज नाही. तर, छावणीला उल्हासनगर असे नाव मिळाले.

अंबरनाथच्या बाजूला लोकूमल शेठांनी एका बराकीत खाटेची नवार विणायचे माग बसवले. छताखाली एकच लांब दांडा फिरायचा आणि त्यावरचे चामड्याचे पट्टे सगळे माग चालवायचे. दांडा सुरू करण्याआधी मुकादम हरिचंद्र मला वाजवी. मी वाजलो की सगळ्यांनी मागातले हात बाहेर काढायचे. केवढा मान होता मला.

मग विठा आली. बदलापूर गावची, मागावरच्या कौसाबाईची धाकटी जाऊ. लहानपणी तापात तिचे कान गेले होते. बोलायची मात्र, आणि मोठ्याने. तुटलेला धागा ती अशी सांधायची की गाठ सापडत नसे.

"कामाला नंबर एक," लोकूमल शेठ म्हणाले, "पर टोल कैसे सुनेगी? हात गेला तर मी काय करू?"

"मी तिच्या शेजारी बसते ना शेठ," कौसाबाई म्हणाली. "टोल झाला का पदर ओढीन तिचा."

काही दिवस तिने पदर ओढला. एकदा गप्पांत विसरली. विठाच्या बांगड्या पट्ट्याला लागून फुटल्या, हात थोडक्यात वाचला. शेठांचा चेहरा पांढरा पडला.

"दसऱ्यापर्यंत राहू दे तिला," ते म्हणाले. "पुढे नाही. मला रात्री झोप येणार नाही."

विठाने त्यांचे ओठ वाचले आणि फुटलेल्या बांगड्या झाडून घेतल्या. मित्रांनो, मी तेव्हा गप्प टांगलेला होतो. ती रोज माझ्यासमोर बसे, आणि तिच्यापुरता मी नव्हतोच.

खंडेनवमीला माग धुतले, पुसले, त्यांना झेंडूच्या माळा घातल्या. हरिचंद्राने मलाही एक घसघशीत माळ घातली. पूजेची फुले आपण लगेच काढत नाही, सुकेपर्यंत तशीच ठेवतो. तशीच ती

टण्.

राहिली. दसऱ्याची सुट्टी संपली. विठा शेवटचा हिशोब घ्यायला आली होती. तिचा माग धागा तुटून बंद पडलेला दिसला. सवयीने बसली आणि दोन्ही हात आत घातले. कौसाबाई पाणी भरायला गेलेली. हरिचंद्र दाराबाहेर बघत बिडी ओढत होता. तसाच मागे वळला आणि त्याने गज हाणला.

मी हललो. माळ उसळली. पाकळ्या बराकभर उडाल्या.

विठाने हात बाहेर काढले.

हरिचंद्राची बिडी तोंडातून पडली. त्याने पुन्हा गज मारला. विठाने पुन्हा हात वर केले, आणि मोठ्याने म्हणाली, "कितीदा वाजवशील? फुलं संपतील की."

लोकूमल शेठ कोठीतून धावत आले. "माला मत निकालो," एवढेच म्हणाले.

फुले सुकली तेव्हा शेठांनी आपल्याच मागावरच्या लाल नवारीच्या पट्ट्या कापून माझ्याभोवती झालर बांधली. तेव्हा कोपऱ्यातल्या मागावरचा म्हातारा अण्णा खाकरला.

"बरं झालं बा. मला पन दोन वर्सं झाली, टोल ऐकाया येत नाय. मागांच्या खडखडाटानं कान गेले."

"मग बोलला का नाय?" कौसाबाईने विचारले.

"घरी बसवला असता म्हून. तुझा हात वर गेला का माझा वर."

"आनि मी गप्पा मारीत बसले का?"

"तवा देव."

सगळे हसले. शेठ मात्र उठले आणि त्यांनी अण्णाचा माग झालर समोर दिसेल असा फिरवून घेतला.

"आता गज पन विठालाच द्या," कौसाबाई म्हणाली. "हरिचंद्र बिडीकडं बघून मारतो. ही माणसांकडं बघून मारंल."

तेव्हापासून विठा मला वाजवते. माझा आवाज तिला कळत नाही, त्यामुळे ती असा गज हाणते की शेजारच्या बराकीत पापड वाळत घालणाऱ्या बायका दचकतात.

"धीरे बाई, धीरे," शेठ कान झाकून म्हणतात.

"काय म्हनतात शेठ?" विठा विचारते.

"जोरात मार म्हनतात," कौसाबाई सांगते.

पण मारण्याआधी आणि मारल्यावरही विठा एकेका मागाकडे बघते. सगळ्यांचे रिकामे हात वर दिसेपर्यंत दांडा सुरू करू देत नाही.

मित्रांनो, मोठे झाल्यावर तुम्हीही काही ना काही सुरू कराल. एखादे यंत्र, एखादा कारखाना. माझ्या मोठ्या आवाजावर विसंबू नका. आधी सगळीकडे बघा. कुणाचा तरी हात अजून आत असेल.