माझ्या छातीवरची नोटीस

मी सार्वजनिक वाचनालयातला एक जुना सूचनाफलक आहे, आणि मित्रांनो, मी भयंकर चिडलेलो आहे.

सुताराने मला सागवानी चौकट दिली, वर हिरवे कापड ताणून बसवले. दाराशेजारी टांगले तेव्हा येणारा-जाणारा कौतुक करी. पुढे टाचण्यांनी माझी पार चाळण झाली. त्याचे मला दुःख नाही. टाचण्या खाणे हे माझे कामच आहे.

माझा राग आहे तो सरकारी कचेरीतल्या कारकुनावर. नोटीस लावल्याचे त्याला कागदोपत्री दाखवावे लागते. म्हणून तो ती लावी, आणि कुणी वाचून हरकत घेऊ नये म्हणून लगेच तिच्यावर सहलीचे भलेमोठे पत्रक टाचून मोकळा होई. असली लबाडी त्याने माझ्या छातीवर केली!

परदेशातून आलेली एक शिवणकाम करणारी बाई दर गुरुवारी ग्रंथपालबाईंकडे इथली भाषा शिकायला येई. सरावासाठी ती मलाच वाचे. वरची पत्रके उचलून खालचे कागदही सोडत नसे. एका गुरुवारी ती थबकली.

"बाई, हे बघा ना! आमच्या वस्तीतला दवाखाना बंद करणार म्हणे. सासूबाईंना इंजेक्शन तिथेच मिळतं. लांब कुठे त्यांना चालवत नाही हो."

हरकत नोंदवायची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत होती.

"तुम्ही लिहा. अडलं तर मी आहे," ग्रंथपालबाई म्हणाल्या. पावणेपाचला दोघी कचेरीकडे पळाल्या.

हरकत वेळेत पोचली, आणि तिची सुनावणी वाचनालयातच, माझ्यासमोर झाली. कारकून म्हणाला, "तुम्ही बाहेरच्या. तुमचा इथे काय संबंध?"

ती उठून उभी राहिली. "सासूबाई माझ्या, दवाखाना आमच्या गल्लीतला. मग संबंध कुणाचा, तुमचा?"

सुनावणी घेणाऱ्या मोठ्या साहेबांनी तिची हरकत मान्य केली. दवाखाना वाचला.

आणि आठवड्याभरात मला काच बसली, काचेला कुलूप लागले. फलक खराब होतो म्हणे! इतकी वर्षे टाचण्या खाल्ल्या, तेव्हा कुठे गेली होती ही काळजी? मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे होऊन कचेऱ्यांत बसाल. मला पुसले नाही, रंगवले नाही तरी चालेल, पण मला उघडे ठेवा. लोकांपासून लपवायचे असेल तर सरळ जाळून टाका मला.

आज ती पुन्हा आली. काचेआडचे वरचे पत्रक तिने वाचले. खालचे कागद तिला उचलता येईनात. तिने काचेवर बोटाने दोनदा टकटक केले.

"बाई, याची किल्ली कुणाकडे असते? आणि ते किती वाजता भेटतात?"