रांग हलते तेव्हा

मितालीने लॅपटॉप मिटला आणि चार्जरची वायर गुंडाळायला घेतली.

"अगं, थांब ना," अरीबा म्हणाली. "सोमवारी स्पर्धा आहे."

"माझ्यामुळे प्रोग्रॅम बंद पडतो ना? मग मला काढ टीममधून."

कुमुदबाई मटार सोलत होत्या. सुकापूरच्या या घरी दोघी शाळेत असल्यापासून शिकायला यायच्या. आता इंजिनिअरिंगला होत्या, तरी भांडायला इथेच आल्या होत्या. अरीबाने सी भाषेत एक लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येतील अशी तयार फंक्शन्स, लिहिली होती: माहिती रांगेत ठेवायची आणि जागा भरली की रांग आपोआप मोठी करायची. मितालीचा प्रोग्रॅम तीच वापरायचा आणि मध्येच बंद पडायचा.

"बाई, मी सूचनेत साफ लिहिलंय," अरीबा म्हणाली. "जागा संपली की अख्खी रांग दुसऱ्या, मोठ्या जागी जाते. माहिती मेमरीत कुठे आहे तो आधी घेतलेला पत्ता तेव्हा बाद होतो, तो जपून ठेवू नका. ही वाचेल तर शपथ!"

"वाचलंय. पण तुझं फंक्शन हातात पत्ताच देतं. तो काय लोणच्यात घालू?"

बाईंना हसू आलं. त्यांनी ते शेंगांत दडवलं.

"अरीबा, तुझी लायब्ररी वापरून माझं एक छोटं काम कर. माझ्या संध्याकाळच्या वर्गातली मुलं एकेक करून रांगेत घाल. नाव आणि उंची. मुलं येतील तसं सर्वांत उंच कोण ते लक्षात ठेव आणि शेवटी त्याचं नाव दाखव."

"इतकंच?"

"इतकंच. मिताली, तू मटार घे."

मिताली नाराजीनेच परातीपाशी बसली.

बाई नावं सांगत गेल्या. सत्यजीत, रेवा, आदिल, जास्मीन... अरीबाची बोटं भराभर चालली. रेवा सगळ्यांत उंच. पण पडद्यावर रेवाच्या नावाऐवजी भलतीच चिन्हं उमटली.

"जागाच कमी धरली होती," अरीबा पुटपुटली. तिने सुरुवातीची जागा वाढवली. रेवाचं नाव आलं.

"छान," बाई म्हणाल्या. "आणि जूनमध्ये आणखी मुलं आली तर?"

अरीबाचा हात थांबला. तिने स्वतःच्या ओळी पुन्हा वाचल्या. सर्वांत उंच मुलीचा पत्ता तिने जपून ठेवला होता. रांग हलली होती आणि तिचा प्रोग्रॅम जुन्या, रिकाम्या खोलीत रेवाला शोधत होता.

तिने मान वर केली. मिताली तिच्याकडेच बघत होती. हसली मात्र नाही.

"पत्ता देऊच नकोस कुणाला," मिताली म्हणाली. "नंबर दे. रांग कुठेही गेली तरी रेवाचा नंबर दोनच राहतो. कुठे गेली ते लायब्ररीने आतल्या आत बघावं."

"आणि मधलंच कुणी काढलं तर?"

"आपण कुठे काढतोय? तेव्हाचं तेव्हा बघू."

"सगळी फंक्शन्स बदलावी लागतील."

"मग बदल."

अरीबाने आपला लॅपटॉप मितालीपुढे सरकवला. "तू बदल. मी तुझ्या प्रोग्रॅममध्ये कुठे कुठे पत्ते आहेत ते शोधते."

मितालीने ओढणीला हात पुसले. अरीबाने तिचा मिटलेला लॅपटॉप उघडला.

"सोमवारी परीक्षकांना हे समजावणार कोण?" मितालीने मान न वळवता विचारलं.

"तू. मी समजवायला लागले की चिडते."

बाई उठल्या आणि तांदळाच्या डब्यातून त्यांनी दोघींसाठी आणखी दोन मुठी काढल्या.