गरम मिठाची पुरचुंडी

फिजिओथेरपीच्या खोलीला कुलूप तुम्ही लावलंत, डॉक्टरसाहेब. आत मशीन आहे, खाट आहे, पंखासुद्धा आहे. माणूस तेवढा नाही. आठ महिने. तरी चिठ्ठीवर ‘फिजिओथेरपी, दहा दिवस’ लिहायला तुमचं पेन बरं चालतं!

ती चिठ्ठी घेऊन जनी त्या सरकारी दवाखान्यात नवव्यांदा आली होती. पनवेलच्या बाजारात सुकटीच्या टोपलीमागे उकिडवं बसून तिची चाळीस वर्षं गेली. आता संधिवातानं उजवा गुडघा नारळाएवढा झालेला, वाकत नव्हता. घरची माणसं मिठागरातली. काही दुखलं की जाडं मीठ तव्यावर तापवायचं, फडक्यात बांधायचं आणि दाबायचं. सून भाविका आठवडाभर दिवसातून दोनदा दाबत होती. सूज उतरायची सोडून चढत चालली होती.

“वाकलाच नाय तर मी बाजारात बसाची कशी गो?” जनीनं तिसऱ्यांदा विचारलं.

“आई, तुमी आधी गप ऱ्हावा,” भाविका म्हणाली.

शेजारी नाझिया आपल्या अम्मीला घेऊन बसली होती. नवीन पनवेलच्या एका क्लिनिकात ती हेच फिजिओथेरपीचं काम शिकत होती. तिनं गुडघ्यावर हाताची मागची बाजू ठेवली आणि झटकन काढली.

“तोबा! मावशी, हा तर तापलाय. यावर गरम शेक दिला कुणी?”

“मी,” भाविका पुटपुटली.

“बर्फ आणा आधी.”

भाविका पळत जाऊन मासळीवाल्याकडून बर्फ घेऊन आली. नाझियानं तो ओल्या फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटं ठेवला. पाय बाकावर उंच घेतला, पाऊल वरखाली करायला लावलं.

“पापलेटासारखी बर्फात घातलीस मना,” जनी म्हणाली. “आता विकतेस का काय?”

नाझिया हसली नाही. “ठणका कमी होईल. पण आत पाणी झालं असेल. डॉक्टरांनी आजच बघायला हवं. वाकेल की नाही, ते मला नाही सांगता येणार.”

भाविकाला रडू फुटलं. “मीच घालवला ना?”

जनी उठली. सुनेचा हात धरून लंगडत डॉक्टरसाहेबांच्या केबिनपाशी गेली, दार ढकललं. शिपाई ओरडला, “ए बाई, नंबर कुठाय?” साहेबांनी फाइलीतून मान वर केली नाही.

“हिला वाटतंय, माझा पाय हिनं घालवला. सुजलेल्यावर गरम लावू नका, येवढं सांगाला मशीन लागत नाय. नऊ खेपा घातल्या मी. सांगाचं काम कोनाचं होतं, साहेब? बोला.”