खंडेनवमीचं नारळपाणी

“अव्वा, कीबोर्डावर नारळ फोडला का तुमी?”

पुढच्या खोलीतून सुनेचा, प्रणिताचा आवाज आला तेव्हा रेवणप्पा मागच्या पडवीत आपल्या जुन्या टाइपरायटरला विभूतीची बोटं ओढत होता. सुनेला चिडलेलं त्याने पुष्कळदा ऐकलं होतं. असा खचलेला आवाज मात्र पहिल्यांदाच कानावर आला.

“वर न्हाई बाई, बाजूला फोडला,” रेवणप्पाची बायको नीलम्मा म्हणाली. “पाणी तेवढं वर शिंपडलं. आधी दुधाचा हात फिरवला, मग हळदीकुंकू. दर खंडेनवमीला करते तसंच केलं की. ह्यांच्या मशिनींना लगीन झाल्यापासून तेच करत आले.”

ते खरंच होतं. टाइपरायटर ही लोखंडाची जात. दूध, नारळ, हळद सगळं पचवून दुसऱ्या दिवशी दोन थेंब तेलावर पुन्हा खडखडायला तयार. ही नव्या क्लाससाठी पुण्याहून जुनी म्हणून आणलेली तीन कॉम्प्युटरं मात्र नाजूक पाहुणी निघाली. प्रणिताने एक बटण दाबलं आणि काचेवर त्याच अक्षराची रांग सुटली ती थांबेचना. दुसऱ्या कीबोर्डाची निम्मी बटणं खाली गेली ती वर आलीच नाहीत. तिसरा तर हूं की चूं करीना.

“झालं,” रेवणप्पाचा मुलगा संगमेश म्हणाला. “मी म्हणलंच होतं. दसऱ्याला क्लास चालू झाला तर झाला, न्हाईतर मशिनी इकून पुण्याला दोस्ताकडं कामाला जाऊ. उद्या पोरं येतील, बंद क्लास बघून परत जातील. पुन्हा कोण येतंय?”

नीलम्मा पदराने कीबोर्ड पुसायला धावली आणि वर राहिलेलं कुंकूही आत गेलं. कोणी तिला एका शब्दाने बोललं नाही. त्यानेच तिला रडू फुटलं.

पडवीत रेवणप्पाच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? सुंठीवाचून खोकला गेला! पाटोद्यात टायपिंग शिकवावं ते रेवणप्पानेच आणि मशीन बिघडली तर उघडावी तीही त्यानेच, असे दिवस त्याने बघितले होते. मग शिकाऊ पोरं आटली, मशिनी एकेक करून भंगारात गेल्या आणि त्या खोलीत ही काचेची डबडी येऊन बसली. त्या दिवसापासून त्याने खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. पुढच्या दाराने जायचं तर खोलीतून जावं लागे, म्हणून हा गृहस्थ मागच्या दाराने, शेजाऱ्याच्या उकिरड्याला वळसा घालून बाजारात जाई. नीलम्मा म्हणायची, रुसावं तर असं रुसावं.

पण ‘पुणे’ हा शब्द त्याच्या पोटात जाऊन बसला. पोरगा जाणार, सून जाणार. मग ह्या घरात दोन म्हातारे आणि एक टाइपरायटर. त्याला एकदम फार वाईट वाटलं. तो उठला, पेचकस घेतला आणि खोलीत शिरला.

“सरका. बघू द्या.”

त्याने पहिला कीबोर्ड पालथा घातला, स्क्रू काढले, झाकण उचललं, एक बटण उपटलं आणि बघतच राहिला. बटणाखाली स्प्रिंग होती. शेजारच्या बटणाखालीही होती.

“आरं, हे तर आपल्याच खानदानातलं निघालं!” तो खो खो हसला. “मला वाटलं, आत काय जादू हाय कुणास ठावं. प्रणिता, ह्याला पाणी चालतं का गं?”

कित्येक महिन्यांनी त्याने तिला नावाने हाक मारली होती. तिच्या ते ध्यानात आलं, पण तिने तसं दाखवलं नाही.

“वायर काढली तर चालेल, आप्पा. पण पुरतं वाळलं पाहिजे. थेंबभर जरी राह्यलं तरी गेलं.”

“वाळायचं मला सांगू नगंस. हितलं ऊन उगं बदनाम न्हाई.”

मग सगळं घर कामाला लागलं. कोमट पाण्याची परात आली, बटणं डाळ रोळावी तशी रोळून निघाली, टाइपरायटरची अक्षरं घासायचा ब्रश फटीफटीतून फिरला. कुठली पट्टी घासायची, कुठली नुसती पुसायची, हे प्रणिता सांगत होती आणि रेवणप्पा निमूट ऐकत होता. गच्चीवर जुन्या धोतरावर बटणं वाळत पडली. नीलम्मा दिवस मावळेपर्यंत काठी घेऊन राखण करत बसली. चिमण्या बटणं खात नाहीत, हे तिला सांगायची कोणाची छाती झाली नाही.

दसऱ्याच्या सकाळी जोडाजोड सुरू झाली. बटणं बसवता बसवता रेवणप्पा थांबला.

“ह्याच्यावर मराठी कुटं हाय?”

“वर छापलेलं नाही, पण येतं. टाइपरायटरवर जे अक्षर जिथं, ते ह्यावरही तिथंच. मी तसंच टाकून घेतलंय.”

“मंजी बोटं तीच?”

“तीच, आप्पा.”

रेवणप्पाने हातातलं बटण खाली ठेवलं. आपण शिकवलेली एवढी बोटं वाया गेली, हेच तर त्याला इतके दिवस सलत होतं. “मग हे कावून सांगितलं न्हाई गं आधी?”

“तुम्ही खोलीत आलात कधी?”

त्याने तिची लाल नेलपॉलिशची बाटली मागून घेतली, बारीक काडी टोकदार केली आणि एकेका बटणाच्या पुढच्या अंगावर मराठी अक्षर काढायला बसला. वरचं इंग्रजी तसंच राहिलं.

दोन कीबोर्ड चालले. तिसऱ्याला मात्र त्यानेच घोटाळा केला. टाइपरायटरच्या सवयीने खालची लांब पट्टी, शब्दांत जागा सोडायची, हिसडा देऊन ओढली आणि तिची गंजकी स्प्रिंग तुटली. चूक नीलम्माची नव्हती, नारळाचीही नव्हती.

“राहू द्या, आप्पा. दोनावर चालवू,” प्रणिता म्हणाली.

“दसऱ्याला लंगडं उभं करायचं?” तो पडवीत गेला. ह्याच टाइपरायटरवर तो पहिलं अक्षर शिकला होता. सगळ्या विकल्या तरी ही एक मशीन त्याने कापडाखाली जपली होती. त्याने कापड काढलं, क्षणभर हात ठेवला, मग तिच्या लांब पट्टीची स्प्रिंग सोडवून घेतली. वेढे ताणले, कापले, पुन्हा वळवले. तिसऱ्या कीबोर्डाची पट्टी टक्कन वर आली.

मग रेवणप्पाने डोक्यावर टोपी ठेवली आणि पुढच्या दाराने बाहेर पडला. तहसीलसमोर अर्ज टाइप करणारा राधाकिशन, त्याचा जुना विद्यार्थी, सणाची सुट्टी असूनही सवयीने येऊन, गिऱ्हाइकाविना माशा मारत बसला होता.

“ऊठ बे! कॉम्प्युटरवर बोटं तीच हायत!”

“चेष्टा करता का, सर?”

“येऊन बघ, खोटं निघालं तर टोपी तुला.”

तोंडोतोंडी बातमी बाजारभर झाली. राधाकिशन खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसला, डोळे मिटले आणि बोटं सोडली. काचेवर सरसर मराठी उमटलं: ‘मा. तहसीलदार साहेब यांचे सेवेशी’. एक चूक नव्हती. दारातली माणसं ओरडली, कोणीतरी टाळ्या पिटल्या. राधाकिशन उठून सरांच्या पायाला लागला आणि त्याची जागा धरायला चौघे पुढे सरकले. संगमेशने नावं घेता घेता बापाकडे बघितलं.

“दोस्ताला कळवतो, आप्पा. पुण्याला न्हाई येत म्हणून.”

रेवणप्पाने डोक्यावरची टोपी उगाच सारखी केली. आरतीचं ताट घेऊन आलेल्या बायकोवर तो खेकसला, “तीर्थ लांब ठेव!” सगळी खोली हसली, नीलम्माही हसली.

संध्याकाळी प्रणिताने पहिलं सोनं सासऱ्याला दिलं. आपट्याचं ते पान घेऊन तो पडवीत गेला. पान टाइपरायटरच्या रुळात कागदासारखं सरकवलं आणि सवयीने लांब पट्टी दाबली. पट्टी खाली गेली, ती खालीच राहिली.

पुढच्या खोलीत कोणीतरी टाइप करत होतं. दर शब्दानंतर टक्क असा आवाज येत होता. रेवणप्पाने कापडाची घडी करून बाजूला ठेवली आणि तो पोरांना बोटं कशी ठेवायची ते दाखवायला गेला.