केसरचे दिवस

साखराबाईला नाक्यावर लावलं ते तिच्या धाकट्या भावानं, धोंडीरामनं. नवरा गेल्यापासून ती धारूरच्या डोंगरात पुतण्याच्या, धुळाजीच्या, शेरडांमागं हिंडत होती. एक दिवस धोंडीराम नेकनूरहून आला आणि म्हणाला, "आक्का, शिवेवरच्या करोडगिरीच्या, जकातीच्या, नाक्याला बायांची झडती घ्यायला बाई पायजेल. मी शब्द टाकलाय." पलीकडं इंग्रजी मुलूख, अलीकडं निजामाचा. पदराला पितळी बिल्ला लावून साखराबाई तिथं उभी राहिली, तेव्हा तिला वाटलं, भाऊ असावा तर असा.

मोठी लढाई संपली त्या साली, पौषात, हुकूम आला. पलीकडं जनावरांत बुळकांडी लागली होती. बैल लाळ गाळीत, ढाळून ढाळून चार-सहा दिवसांत आडवे होत होते. म्हणून तिकडचं कातडं, शिंग, लोकर, चरबी, काहीच आत येऊ द्यायचं नव्हतं. चरबीचा साबण बंद, बाया तोंडाला लावायच्या ते गोरेपणाचं मलम बंद. जनावरांच्या डॉक्टरचा शिक्क्याचा दाखला असला तर माल सोडायचा, नसला तर चुना टाकून खड्ड्यात पुरायचा. नाकेदार मीरसाहेबांनी हे तिला दोनदा समजावून सांगितलं.

साखराबाईनं हुकूम जिवाला लावून घेतला. भिवराबाई नावाची म्हातारी लेकीकडून टाचांच्या भेगांचं मलम घेऊन आली, तिची बोटभर डबीही सुटली नाही. म्हातारी तळतळली, "तुजं तळपट हुईल!" साखराबाईनं ऐकून घेतलं. शेरडांत अर्धा जन्म गेलेला. मुकं जनावर कसं तडफडतं हे तिला कुणी सांगायला नको होतं.

धोंडीरामची बायको केसरबाई, तिचं माहेर पलीकडचं. त्याच पौषात ती माहेराहून परतताना झडतीच्या खोलीत आली आणि साखराबाईच्या गळ्यातच पडली. "वन्सं, मला दिवस गेलेत."

बारा वर्षं झाली होती लग्नाला. साखराबाईचे डोळे भरून आले. आपण विधवा, आपल्या हातानं ओटी कशी भरायची? तिनं शेजारच्या चपराशाच्या बायकोला, छबुबाईला, बोलावून केसरची खणानारळानं ओटी भरवली.

माघात केसर आली, फाल्गुनात आली. पोट दिसायला लागलं. साखराबाई झडतीला पुढं झाली की केसर अंग चोरायची. "हात नगा लावू वन्सं. जपाया सांगितलंय." साखराबाई चटकन मागं व्हायची. खरं तर तिलाच भ्या वाटे, आपल्या रांडमुंडीचा हात लागून काही वाईटवंगाळ व्हायला नको.

चैत्रात केसर आली ती भर दुपारी. पत्रा तापून खोलीची भट्टी झाली होती. केसरच्या तोंडावर घामाच्या धारा. पदर सावरायला ती वाकली आणि तिच्या पायांवरून काहीतरी ओघळलं. खालची माती भिजली.

"अगं बया! पाणमोट फुटली!" साखराबाई किंचाळली. "सहावा महिना, केसर, खाली बस!" केसर नको नको म्हणत असताना तिनं तिला भिंतीशी टेकवलं आणि लुगड्याचा सोगा वर केला.

हाताला लागलं ते चिकट होतं. गुलाबाचा वास, त्याच्याखाली कुबट चरबीचा. केसरच्या पोटाला धडप्यानं बांधलेली कातड्याची बुधली होती. उन्हानं आतलं मलम वितळून शिवणीतनं पाझरत होतं.

 साखराबाईनं विचारलं, "पोर?"

केसरनं मान खाली घातली. "न्हाई वन्सं. कधीच नव्हतं. ह्यांनीच सांगितलं, आक्का पोटाला हात लावायची न्हाई म्हणून."

ओरडा ऐकून बाहेर गाडीपाशी थांबलेला धोंडीराम दाराशी आला होता. आत पाहून त्यानं दार ओढून घेतलं. "आक्का, आवाज करू नगंस. लग्नसराई हाय, समद्यांना पायजेल. माती सार त्येच्यावर."

"बैल मरत्यात, धोंडीबा."

"मरू दे. तुला हितं कशापायी लावलं मी? दुसऱ्याच्या बाया तपासायला?"

साखराबाई उठली. दार उघडून तिनं मीरसाहेबांना हाक मारली.

मीरसाहेब आले तसा धोंडीराम पुढं झाला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, समदं हिला ठावं हाय. हिच्याच भरवशावर आणलं."

मीरसाहेबांनी तिच्याकडं पाहिलं. "बाई, सच क्या है?"

"ठावं नव्हतं," साखराबाई म्हणाली. "पर माघातली आन् फाल्गुनातली खेप माज्या हातनंच गेली. पोट समजून सोडली."

तिनं बिल्ला काढून त्यांच्या हातावर ठेवला. बुधली चुन्यात पुरली. भावाला आणि भावजयीला शिपायांनी कचेरीत नेलं. जाताना केसर रडत होती. धोंडीरामनं मागं वळून पाहिलं नाही.

साखराबाई धारूरला परतली. श्रावणात नेकनूरकडं बुळकांडी पोचली, नांगराचे बैल गेले. ती त्या मलमातनं आली की हाटात चोरून आणलेल्या ढोरांतनं, हे डॉक्टरलाही सांगता आलं नाही. साखराबाई मात्र ऐकल्या दिवसापासून दोन दिवस जेवली नाही.

भाऊबीजेला धोंडीराम आला. दंड भरून सुटला होता. ओसरीवर बसून म्हणाला, "झालं गेलं इसर, आक्का. रक्ताचं नातं हाय."

तिनं त्याला पाणी दिलं. भाकरी, ठेचा वाढला. जेवून तो दरसालासारखा ओवाळणीच्या पाटाची वाट पाहत बसला.

"ओवाळतीस न्हवं?"

"ऊन कलतंय," साखराबाई म्हणाली. "घाट उतरायचाय तुला." आणि शेरडं सोडायला ती वाड्याकडं गेली.