सतराच्या पाढ्याने पळणारी चौकट

"हे सांगितलं तर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही," असं म्हणून नोंदणीकाका खुर्चीत मागे रेलतात, आणि रक्त तपासायच्या त्या लॅबमध्ये नव्याने लागलेली पोरंपोरी चहाचे पेले धरून कान टवकारतात. मग काका सुरू होतात.

त्या आठवड्यात काकांच्या काउंटरपुढे मुंगीला शिरायला जागा नव्हती. रक्त द्यायला आलेले कमी, चमत्कार बघायला आलेले जास्त. रिपोर्ट पाठवायचा प्रोग्राम उघडला, की पडद्याच्या कोपऱ्यात टुण्णकन एक लाल चौकट उगवायची. संगणकाच्या सुरक्षेसाठी नवं सॉफ्टवेअर बसवलं, तेव्हापासूनची ही पीडा. तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती, कारण लॅबच्या मालकीण डॉक्टरीणबाईंनी पडद्याच्या कडेला चिठ्ठीच डकवली होती: 'न कळणाऱ्या चौकटीला बोट लावू नये.' पूर्वी कुणीतरी असंच बोट लावून दोन दिवस काम ठप्प केलं होतं. (ते कुणीतरी म्हणजे खुद्द काका. हा तपशील ते खोकल्यात उरकतात.)

पहिल्यांदा चौकट दिसली तेव्हा काकांची पाचावर धारण बसली. घाबरले की ते लहानपणापासून सतराचा पाढा पुटपुटतात. त्यांनी डोळे मिटले, 'सतरा दाहे'पर्यंत पोचले, सुस्कारा सोडला आणि डोळे उघडले. चौकट गायब!

"काका, मंत्र टाकलात?" शेजारचा झेरॉक्सवाला ओरडला.

इथे काकांना 'नाही' म्हणता आलं असतं. पण आयुष्यभर 'नाव काय, वय किती' एवढंच विचारत आलेल्या माणसाकडे पहिल्यांदाच कुणीतरी डोळे विस्फारून बघत होतं. काका गूढ हसले. तिथेच गाडी रुळावरून घसरली.

दुसऱ्या दिवशी खुर्चीवर उशी आली. तिसऱ्या दिवशी काकांना वाचाही फुटली. "चौकट रागीट नाही रे, एकाकी आहे. तिला उत्तर नको असतं, माया हवी असते!" लोक माना डोलवायचे. कुणी सुरू न होणारी स्कूटर दारात आणली, कुणी टीव्हीचा रिमोट. काकांनी सगळ्यांवर फुंकर घातली. एकदा पाढा उशिरा सुरू झाला आणि चौथ्या ओळीवर असतानाच चौकट गेली, तर काका म्हणाले, "सिद्धी वाढतेय."

आणि त्याच दिवशी, बुधवारी दुपारी, काकू आल्या.

काकू म्हणजे काकांच्या सौभाग्यवती, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, दुसऱ्यात जेमतेम उजेड. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी, दुसऱ्या गावच्या इस्पितळात. रक्ताचा रिपोर्ट सोमवारीच इकडून पाठवला होता.

"अहो, इस्पितळातून फोन होता. रिपोर्ट पोचलाच नाही म्हणे. संध्याकाळपर्यंत मिळाला नाही तर माझी तारीख दुसऱ्याला देणार. पुढची तीन महिन्यांनी. तोवर मी भिंती चाचपत फिरायचं का?"

"अगं, पाठवला होता मी! थांब, पुन्हा पाठवतो." काकांनी बटण दाबलं. टुण्णकन चौकट. गर्दी सरसावली. काकांनी डोळे मिटले.

काकूंनी मनगटावरचं घड्याळ काढून झेरॉक्सवाल्याच्या हातात दिलं. "सेकंद मोज."

"वीस!" तो म्हणाला. चौकट गेली. टाळ्या पडल्या.

"आता पुन्हा पाठवा, आणि तोंड मिटून बसा."

काकांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. वीस सेकंद झाले, चौकट गेली. टाळ्या पडल्या नाहीत.

"काकू, पण मनातल्या मनात म्हणत असतील की!" झेरॉक्सवाल्याचा जीव तुटत होता.

"बरं. पुन्हा पाठवा. आणि अहो, आपल्या लग्नाची तारीख सांगा बघू."

काकांचं डोकं पाटीसारखं कोरं झालं. पाढा गेला, तारीख आठवली नाही, आणि विसाव्या सेकंदाला चौकटही गेली.

चौथ्या वेळी काकूंनी पर्समधलं भिंग काढलं आणि पडद्याला नाक टेकवून मोठ्याने वाचलं: "रिपोर्ट पाठवणारा प्रोग्राम इंटरनेटवर जाऊ पाहत आहे. जाऊ द्यायचा का? वीस सेकंदांत उत्तर न आल्यास अडवला जाईल."

झेरॉक्सवाल्याने घड्याळ गुपचूप काकूंच्या हातात परत दिलं.

"म्हणजे... मी तिला पळवत नव्हतो?" काकांनी विचारलं.

"तुम्ही प्रत्येक वेळी 'नाही' म्हणत होतात. तेसुद्धा पाढ्याच्या चालीवर."

तीन दिवसांचे त्रेचाळीस रिपोर्ट संगणकातच तुंबले होते. छापील कागद नेणारे खूश होते, म्हणून बोंब कुणाच्या कानावर आली नव्हती. डॉक्टरीणबाई धावत आल्या. चौकटीतलं नाव आपल्याच प्रोग्रामचं आहे आणि तो नेहमीच्याच जागेवरून सुरू झालाय, हे त्यांनी ताडून पाहिलं. मग विश्वासू प्रोग्रामांच्या यादीत त्याची नोंद केली. रिपोर्ट भराभर सुटले. काकूंचा रिपोर्ट पोचल्याचा इस्पितळाचा फोन चार वाजता आला.

"आता सगळ्याच चौकटी बंद करून टाका ना बाई!" झेरॉक्सवाला म्हणाला.

"मुळीच नाही," काकू म्हणाल्या. "घरच्या माणसाला रोज उंबऱ्यावर अडवू नये, आणि परक्याला न विचारता आत घेऊ नये. ती बिचारी एवढंच विचारत होती, 'हा तुमच्या ओळखीचा का?' तुम्ही सगळ्यांनी तिला ओवाळायचं तेवढं बाकी ठेवलंत, पण वाचलं एकानेही नाही. कळत नसेल तर वाचा. तरी नाही कळलं तर कळणाऱ्याला विचारा. यात लाजायचं काय?"

चिठ्ठी बदलली. तिच्यावर आज हेच लिहिलंय.

इथवर आलं की काका पेला खाली ठेवतात आणि आवाज बारीक करतात. "खरं सांगू? मला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं. मी फक्त लोकांची परीक्षा बघत होतो."

"खोटं!" दारातून आवाज येतो. डबा घेऊन काकू उभ्या असतात, दोन्ही डोळे लख्ख. "ठाऊक होतं, तर बाई रिपोर्ट पाठवत होत्या तेव्हा बाहेरच्या बाकावर हात जोडून सतराचा पाढा कोण म्हणत होतं? आणि तोही चुकीचा. सतरा सक शंभर नाही हो, एकशे दोन!"